मशीन शॉपमधलं उन्हाळी इन-प्लांट ट्रेनिंग: या चुका टाळा

मेकॅनिकल डिप्लोमाच्या चौथ्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला आणि तिसऱ्या दिवशी मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपच्या गेटवर उभा होतो. एमएसबीटीईच्या (महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) आय स्कीममध्ये, म्हणजे आमच्या वेळच्या अभ्यासक्रमात, चौथ्या सेमिस्टरनंतर सहा आठवड्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग करावं लागायचं. आमच्याकडे सगळे त्याला इन-प्लांटच म्हणतात. सहा आठवडे ऐकायला भरपूर वाटतात, पण पहिला आठवडा ओळखीपाळखीत जातो आणि शेवटचा रिपोर्टच्या धावपळीत. शिकायचे आठवडे हातात उरतात चार. त्या चारांपैकी निदान एक मी टाळता येण्यासारख्या चुकांमध्ये घालवला. यंदा जाणाऱ्यांचा तो वाचावा म्हणून लिहितोय.

जागा शोधायला मे उजाडेपर्यंत थांबणं

मेमध्ये प्रत्येक पॉलिटेक्निकची मुलं फायली घेऊन एमआयडीसीत फिरत असतात. गेटवरचा वॉचमन आत निरोपसुद्धा देत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येच कॉलेजकडून पत्र घ्या. पत्रावर कंपनीचं नाव, तारखा आणि तुमची ब्रँच नीट आहे ना ते बघा. मोठ्या कंपनीचाच हट्ट धरू नका. वीस-पंचवीस मशिनच्या शॉपमध्ये एका छताखाली कटिंग, टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग, इन्स्पेक्शन आणि डिस्पॅच सगळं बघायला मिळतं. मोठ्या प्लांटमध्ये बऱ्याचदा सगळे आठवडे एकाच लाइनवर जातात.

पैसे घेऊन नुसतं सर्टिफिकेट देणारेही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. पाचव्या सेमिस्टरला तोंडी परीक्षेत एक्स्टर्नल सरांनी "तिथे मशिनवर कुठला कंट्रोलर होता?" एवढंच विचारलं तरी गडबड होते.

स्टायपेंडबद्दलही घोळ असतो. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली लागणारे अप्रेंटिस वेगळे, त्यांना ठरलेला स्टायपेंड मिळतो. आपलं ट्रेनिंग अभ्यासक्रमाचा भाग असतं. काही ठिकाणी जेवण किंवा बसभाडं देतात, काही ठिकाणी काहीच नाही. पहिल्याच दिवशी एचआरला साधेपणाने विचारून टाका, म्हणजे नंतर मनात खटकत राहत नाही. आणि भोसरीकडच्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. रविवारी आत्याकडे जेवायला येतो असं मी कबूल करून बसलो होतो, ते सहाही आठवडे जमलं नाही.

गरम जॉब मोजणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक, म्हणून सविस्तर सांगतो. जॉब म्हणजे मशिनवर बनत असलेला भाग.

तिसरा आठवडा होता. सीएनसी लेथवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, जॉब फिरवून कापणाऱ्या मशिनवर) शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, चालू होता. डायमीटर ५० एच७ (स्मॉल एच), म्हणजे माप ५०.००० ते ४९.९७५ मिलिमीटरच्या आत हवं. जेमतेम २५ मायक्रॉनची खिडकी (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ऑपरेटर काका बाजूच्या मशिनवर सेटिंगला गेले आणि मला म्हणाले, "दर पाचवा जॉब मायक्रोमीटरने बघ, काय वाटलं तर हाक मार." मी अगदी मन लावून काम केलं. चकमधून (मशिनच्या पकडीतून) जॉब निघाला की पुसायचा, डिजिटल मायक्रोमीटर लावायचा, वहीत आकडा लिहायचा. ४९.९८२. ४९.९८१. ४९.९८२. सगळे लिमिटमध्ये.

दीडेक तासाने क्वालिटीची ताई आली. ट्रेमधला सकाळचा एक जॉब उचलून तिने मोजला, ४९.९७०. दुसरा, ४९.९६९. मायनस गेलेले, म्हणजे खालच्या लिमिटपेक्षाही कमी. माझी वही बरोबर होती, तिचा मायक्रोमीटरही बरोबर होता.

काकांनी आधी मशिन थांबवलं. नुकताच निघालेला जॉब माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "गरम हाय का थंड?" चांगला चटका बसला. कूलंटची (कटवर सोडायच्या थंड द्रवाची) पातळी टाकीत खाली गेली होती आणि नोझलही कटपासून बाजूला सरकलं होतं, त्यामुळे जॉब तापून बाहेर येत होते. स्टीलचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाला साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतो. ५० मिलिमीटरचा शाफ्ट शॉपच्या हवेपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर डायमीटर जवळपास १२ मायक्रॉन जास्त दिसतो. आपली सगळी खिडकीच २५ची, त्यातली अर्धी एकट्या उष्णतेने खाल्ली. मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरतात, हे मेट्रॉलॉजीच्या पेपरला मी पाठ करून लिहिलं होतं. ते कशासाठी असतं हे त्या दिवशी तळहाताला कळलं.

असं झालं तर काय करायचं? जॉब हाताला कोमट जरी लागला तरी थांबायचं. सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या सपाट प्लेटवर) मायक्रोमीटरच्या शेजारी दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा आणि मग मोजायचा. मायक्रोमीटरसुद्धा मुठीत धरून बसायचं नाही, तोही तापतो. प्रॉडक्शन थांबवता येत नसेल, तर एकच जॉब गरम असताना आणि थंड झाल्यावर मोजून फरक काढायचा, पण तो फरक किती धरायचा हे सेटरने (मशिन मापाला लावून देणाऱ्याने) ठरवायचं. आणि सगळ्यात आधी कूलंट कटवर पडतंय का ते बघायचं.

चूक कळल्यावर गप्प बसणं

खरं नुकसान इथे झालं. ताई येण्याआधी अर्धा तास मला शंका आली होती. ट्रेमधला गार झालेला एक जॉब मी सहज मोजला होता आणि तो कमी आला होता. मला वाटलं, मीच नीट पकडला नसेल. काकांना हाक मारायचा धीर झाला नाही. त्या अर्ध्या तासात खराब जॉब ओके ट्रेमध्ये चांगल्या जॉबमध्ये मिसळले. वेळेवर सांगितलं असतं तर पाच-सहा बाजूला काढून भागलं असतं. शेवटी साठ जॉबचा अख्खा ट्रे एकेक करून मोजावा लागला आणि चौदा लाल बिनमध्ये, म्हणजे रिजेक्टमध्ये, गेले. शाफ्ट मायनस गेला की रीवर्क नसतो. जास्त असेल तर अजून घासता येतो, कमी झालेलं धातू परत चिकटवता येत नाही.

सुपरवायझर साहेब रागावले, पण जॉब वाया गेल्याबद्दल कमी आणि न सांगितल्याबद्दल जास्त. मला ते मनापासून पटलं. म्हणून शंका आली की तिथल्या तिथे तीन गोष्टी करा. पुढचा जॉब लावू देऊ नका, संशयित जॉब खडूने खूण करून वेगळे ठेवा, आणि जो जवळ असेल त्याला हाक मारा. "काका, मला हे समजत नाहीये, एकदा बघता का?" एवढं वाक्य पुरतं. ट्रेनीला काही येत नाही म्हणून कोणी हसत नाही. आमच्या शॉपमध्ये तर विचारणाऱ्यालाच जास्त शिकवायचे.

आकडा खोटा निघतो तेव्हा

दोन जणांची मापं जुळत नसतील तर भांडायच्या आधी हे तपासा. मायक्रोमीटरचे दोन्ही फेस कोऱ्या कागदाने पुसा, बारीकशी चिप (धातूचा कीस) किंवा तेलाचा थर पुरेसा असतो. मग झीरो बघा. २५ ते ५० रेंजचा मायक्रोमीटर असेल तर डब्यातल्या २५ मिलिमीटरच्या सेटिंग पीसवर झीरो तपासतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. नेहमी रॅचेटनेच (टोकाच्या कटकट वाजणाऱ्या मुठीने) आवळा, अंगठ्याच्या जोराने नाही. आणि २५ मायक्रॉनचा टॉलरन्स (मापातली चालणारी सूट) ०.०२ लीस्ट काउंटच्या व्हर्नियरने मोजू नका. व्हर्नियरची एक रेघ म्हणजेच २० मायक्रॉन, त्यात काय कळणार? साधारण टॉलरन्सच्या एक दशांशापर्यंत वाचणारं इन्स्ट्रुमेंट घ्यावं.

ऑफसेटला हात लावणं

ऑफसेट म्हणजे टूल किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारा मशिनमधला आकडा. परवानगीशिवाय त्याला हात लावूच नका. पण सेटरने समोर उभं राहून सांगितलं तर हे माहीत हवं. फॅनुक कंट्रोलरवर (मशिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर) वेअर ऑफसेट, म्हणजे टूल झिजल्याची भरपाई, भरताना "इनपुट" आणि "प्लस इनपुट" अशा दोन कळा दिसतात. "इनपुट" दाबलं की जुना आकडा पुसून नवा बसतो. "प्लस इनपुट" दाबलं की जुन्यात मिळवला जातो. समजा वेअरमध्ये एक्सला (डायमीटरच्या दिशेला) आधीच उणे ०.०५ आहे आणि जॉब ०.०३ जास्त येतोय. उणे ०.०३ टाकून "प्लस इनपुट" केलं तर उणे ०.०८ होतं, जॉब मापात येतो. "इनपुट" केलं तर उणे ०.०३ राहतं आणि जॉब आधीपेक्षाही २० मायक्रॉनने मोठा येतो. माझ्याबरोबरच्या ट्रेनीचं हेच झालं, आणि जॉब का वाढला हे शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली.

पॉइंटही विसरू नका. ०.०३ च्या जागी ३ पडलं तर टूल एका झटक्यात खोल घुसतं, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) तर जातोच, चकमधला जॉबही निसटू शकतो. आकडा टाकला की एंटर करायच्या आधी मोठ्याने वाचा, शेजारच्याला ऐकू जाईल असा.

अंगावर काय घालता

सेफ्टी शूज हवेतच, ते सगळेच सांगतात. न सांगितलेलं असं, की फिरत्या मशिनजवळ हातमोजे घालायचे नाहीत. चिपला अडकला की मोज्यासकट हात ओढला जातो. अंगठी, हातातला गंडा, गळ्यातली साखळी, लोंबणारं ओळखपत्र काढून ठेवा. मुलींनी वेणी आत खोचून टोपी घाला, ओढणी नको. चिप कधीही हाताने ओढू नका, त्यासाठी हूक असतो. साध्या लेथवर काम केलं तर चकची चावी हातातून सोडायच्या आधी चकमधून काढा. आणि एअर गनने कपडे झाडू नका, धातूचे बारीक कण डोळ्यात जातात.

डायरी शेवटच्या आठवड्यात लिहिणं

डेली डायरीवर इंडस्ट्रीच्या सुपरवायझरची सही लागते. ती रोज घ्या, फार तर दोन दिवसांनी. आमचे सुपरवायझर पाचव्या आठवड्यात दुसऱ्या प्लांटला गेले. माझ्या सह्या झाल्या होत्या, म्हणून सुटलो. माझ्या मित्राला त्यांना गाठायला चाकणला तीन खेपा घालाव्या लागल्या.

काय लिहायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. माझ्या पहिल्या दिवसाची नोंद अशी होती: "आज सीएनसी मशिनचे निरीक्षण केले व माहिती घेतली." कॉलेजच्या सरांनी त्याखाली लाल पेनाने लिहिलं, "कोणती?" चौथ्या आठवड्यातली नोंद अशी: "टर्निंगला सीएनएमजी १२०४०८ इन्सर्ट. शेवटचे ०८ म्हणजे नोज रेडियस ०.८ मिमी. एका कडेवर सुमारे ८० जॉब निघतात. आज ७१व्यालाच फिनिश खडबडीत आला. काकांनी कड फिरवली. कारण: बारमध्ये कडक डाग असावा. क्वालिटीला सांगितलं." तोंडी परीक्षेत याच नोंदीवर दहा मिनिटं बोलता आलं. खिशात छोटी वही ठेवा, आकडा दिसला की तिथेच टिपा, संध्याकाळी डायरीत उतरवा.

रिपोर्टसाठी फोटो काढायची घाई करू नका. ड्रॉइंग ग्राहकाचं असतं आणि त्यावर त्याचा हक्क असतो. मशिनसोबतचा सेल्फी स्टेटसला टाकला आणि मागे ड्रॉइंग दिसलं, म्हणून एका मुलाचा फोन गेटवरच जमा व्हायला लागला. मशिनचं चित्र हवं असेल तर हाताने स्केच काढा, आणि तेही रिपोर्टमध्ये घालण्याआधी साहेबांना दाखवा.

नुसतं झाडायला आणि पॅकिंगला लावलं तर

पहिले तीन-चार दिवस करा. पॅकिंगलाच मला कळलं, की रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल न लावता जॉब पिशवीत घातला तर पावसाळ्यात दोन दिवसांत गंज धरतो. पण दुसरा आठवडा लागला तरी तेच चालू असेल, तर "मला काही शिकवत नाहीत" अशी तक्रार कॉलेजला करण्याआधी साहेबांकडे नेमकी एक गोष्ट मागा. "साहेब, जेवणानंतर अर्धा तास क्वालिटीत बसू का?" मोघम मागणीला साहेबांकडे वेळ नसतो, अर्ध्या तासाला हो म्हणायला काही लागत नाही. माझा क्वालिटीतला अर्धा तास चौथ्या आठवड्यात दोन तासांचा झाला. तरीही काहीच हललं नाही, तर कॉलेजचे मेंटॉर व्हिजिटला येतील तेव्हा त्यांच्यासमोर सांगा, मागून नको.

शेवटचा दिवस

सर्टिफिकेट आदल्या दिवशी मागा, शेवटच्या दिवशी एचआर नेमके रजेवर असतात. हातात आलं की उभ्या उभ्या वाचा. नावाचं स्पेलिंग मार्कशीटसारखंच हवं, सुरुवातीची आणि शेवटची तारीख दोन्ही हव्यात, शिक्का सहीवर हवा. माझ्यात शेवटची तारीख चार दिवस आधीची पडली होती. तिथेच दाखवली, पाच मिनिटांत नवीन मिळालं. गेट पास आणि घेतलेली इन्स्ट्रुमेंट्स परत करून रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या. मग शॉपमध्ये परत एक चक्कर मारा आणि ज्यांनी शिकवलं त्या काकांचा नंबर घ्या. मी घेतला होता. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा शाफ्ट त्यांनीच आम्हाला फिरवून दिला, आणि आमच्या हातात द्यायच्या आधी पंधरा मिनिटं सरफेस प्लेटवर ठेवला.