कृत्रिम बुद्धिमत्ता आणि बदलते काम : पीएच.डी.ची सुरुवात कोठून करावी

‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा रोजगारावरील परिणाम’ हे पीएच.डी.च्या विषयाचे नाव होऊ शकत नाही, कारण त्यात डझनभर प्रबंध सहज मावतील. व्यवस्थापन, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र विभागात नोंदणी करू इच्छिणाऱ्याने आधी कामाची एक जागा आणि त्या जागेतले एक काम निवडावे. सहकारी बँकेतील कर्जमंजुरीचे उदाहरण घ्या. शाखाधिकारी कागदपत्रे तपासतो, अर्जदाराशी बोलतो, जामीनदारांची पत जोखतो आणि फाइलवर शेरा मारतो. संगणकप्रणाली जोखमीचा गुणांक आधीच त्याच्यापुढे ठेवू लागली, तर शेऱ्याचा मजकूर बदलतो का, गुणांकाविरुद्ध निर्णय घेण्याची मुभा कोणाला उरते आणि कर्ज थकल्यावर खुलासा कोणाकडे मागितला जातो? एवढे प्रश्न एका प्रबंधाला पुरून उरतील.

शीर्षकात एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरचे नाव मात्र घालू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान 3 आणि साधारणपणे कमाल 6 वर्षे मिळतात. तेवढ्या काळात ते सॉफ्टवेअर बाजारात राहीलच असे नाही.

वाचनाची सुरुवात जुन्या अभ्यासांपासून करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके वाढले नव्हते. 1953 मध्ये मागांचे गट पाडून प्रत्येक गट कामगारांच्या एका तुकडीकडे सोपवल्यावर ते सुधारले. अमेरिकेतील दोन रुग्णालयांत एकाच प्रकारची सीटी स्कॅन यंत्रे आली, तरी डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांचे संबंध दोन्हीकडे वेगवेगळ्या रीतीने बदलले, हे 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. कामाची रचना यंत्र एकटे ठरवत नाही, हे यावरून दिसते.

त्यानंतर आकड्यांकडे वळावे आणि ते कसे काढले हे आधी पाहावे. अमेरिकेतील 47 टक्के रोजगार संगणकीकरणाच्या मोठ्या जोखमीत आहे, असा अंदाज 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी मांडला. 2016 मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात त्याच देशासाठी हे प्रमाण सुमारे 9 टक्के निघाले. पहिल्याने संपूर्ण व्यवसाय हे एकक मानले होते, दुसऱ्याने प्रत्यक्ष नोकरीत माणूस करत असलेली निरनिराळी कामे लक्षात घेतली. स्वतःच्या संशोधन आराखड्यात अभ्यासाचे एकक व्यवसाय आहे, काम आहे की संस्था आहे, हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर आराखडा सादर करण्याची घाई करू नये. भारतासाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची घटकस्तरीय (प्रत्येक कुटुंबाची व व्यक्तीची स्वतंत्र नोंद असलेली) माहिती अभ्यासकांना उपलब्ध असते. त्यातील व्यवसायांचे वर्गीकरण आपले राष्ट्रीय आहे, त्यामुळे अमेरिकी व्यवसाय-यादीवर बेतलेले जोखमीचे निर्देशांक त्यावर जसेच्या तसे चढवणे धोक्याचे आहे.

प्रवेश परीक्षा, मुलाखत आणि किमान 12 श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम हे टप्पे विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे पार पडतात. खरी अडचण ज्या संस्थेचा अभ्यास करायचा तिथे शिरकाव मिळण्याची असते. ओळखीच्या अधिकाऱ्याचे ‘या कधीही’ हे आश्वासन त्याची बदली होताच निरुपयोगी ठरते, म्हणून संस्थेच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी परवानगी घ्यावी. कोणाच्या मुलाखती होतील, कोणती कागदपत्रे पाहता येतील आणि नावे कशी गुप्त राहतील, हे त्यात नमूद असावे. शक्यतो दुसरी एक संस्थाही हाताशी असावी, कारण पहिलीचे व्यवस्थापन मधेच नकार देऊ शकते.

मुलाखती साहेबांच्या केबिनशेजारी घेऊ नयेत. तेथे प्रत्येक जण नव्या प्रणालीची स्तुतीच करील. ‘प्रणाली कशी वाटते?’ असे विचारण्यापेक्षा गेल्या आठवड्यातील एखादे प्रकरण समोर ठेवून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कसे हाताळले, हे सांगायला लावावे. या मुलाखतींचे शब्दशः लिहून काढलेले मजकूर सार्वजनिक चॅटबॉटला मात्र देऊ नयेत. संमतीपत्रात ज्या गुप्ततेची हमी दिलेली असते, तिचा तो सरळ भंग ठरू शकतो.