टूर पॅकेजमधून डॉल्फिन शो कसा काढायचा

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आमच्या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसातून मी बरीच वर्षं लोकांना दुबई, सिंगापूर, बँकॉकला पाठवते आहे. इथल्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांना डॉल्फिन शोची तिकिटं मीच काढून दिली. डॉल्फिनच्या गालाला गाल लावलेले मुलांचे फोटो कौतुकानं माझ्या मोबाइलवर यायचे. मग एजंटांसाठीच्या एका सहलीत मी स्वतः तो शो पाहिला. संपल्यावर छत्री राहिली म्हणून परत आत गेले. बाकं रिकामी होती. मागच्या लहान टाकीत एक डॉल्फिन भिंतीकडे तोंड करून पाण्यावर नुसता पडून होता. मी दहा मिनिटं तरी तिथे उभी होते. श्वास घेण्यापलीकडे तो हलला नाही. त्यानंतर मी ते तिकीट विकलेलं नाही.

तुम्ही बुकिंग कुठूनही करा, पण आधी दिवसवार कार्यक्रम नीट वाचा. ‘डॉल्फिन’ हा शब्द दरवेळी दिसतोच असं नाही. ‘मरीन शो’, ‘सी पार्क’, ‘बेटाची सैर’ अशा नावांखाली किंवा कॉम्बो तिकिटात तो दडलेला असतो. शंका आली तर सरळ विचारा, ‘यात डॉल्फिन किंवा सील खेळ करतात का?’ आणि उत्तर लेखी घ्या. हे सगळं व्हाउचर निघण्याआधी व्हायला हवं, कारण ते निघालं की पैसे परत मिळणं अवघड.

मग बुकिंग करणाऱ्या एजंटला निरोप पाठवा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हा मजकूर देते: ‘आमच्या चौघांच्या पॅकेजमधून डॉल्फिन शो काढावा. त्याचे पैसे कमी करावेत किंवा दुसरं ठिकाण द्यावं. कोंडलेल्या प्राण्यांचे खेळ आम्ही पाहत नाही.’ शेवटचं वाक्य वगळू नका. नुसतं ‘नको’ म्हटलं की परदेशातल्या ज्या एजंटाकडे तो निरोप पोचतो त्याला वाटतं, बजेट कमी असेल. माझ्या ग्राहकांकडून असे सहा-सात निरोप लागोपाठ गेले आणि तिकडच्या एका एजंटानं शो वगळूनच कोटेशन पाठवायला सुरुवात केली.

उत्तर बहुतेक असं येतं: ‘मॅडम, ये सब रेस्क्यू किए हुए हैं।’ यावर तीन प्रश्न विचारा. कुठून सोडवला? बरा झाल्यावर समुद्रात का सोडला नाही? आणि जखमी प्राण्याला दिवसातून किती शो करावे लागतात? दुबई-सिंगापूरच्या बाबतीत निदान थोडा इतिहास तरी माहीत आहे. २००७ मध्ये सॉलोमन बेटांजवळ धरलेले २८ डॉल्फिन विमानानं दुबईला नेले. सिंगापूरच्या एका रिसॉर्टसाठी त्याच बेटांवरून २७ धरले. त्यातले दोन आधीच मलेशियातल्या लंकावीत मेले आणि एक २०१२ मध्ये सिंगापूरला नेताना विमानात. जपानच्या ताइजीत होड्यांवर बसून लोखंडी दांडे बडवत अख्खा कळप खाडीत हाकतात. शोसाठी देखणे, तरुण निवडतात आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना मारतात.

घरातली समजूत घालणं याहून कठीण. एक काका मला म्हणाले, ‘अगं, ते तर हसत असतात.’ ते हसू नाही, जबड्याची ठेवणच तशी आहे. मेलेला डॉल्फिनही तसाच दिसतो. मी त्यांना आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात उभं केलं. चौक साधारण चोवीस फुटी आहे. अमेरिकेच्या नियमात अशा डॉल्फिनसाठी टाकीची किमान रुंदी एवढीच, चोवीस फूट, आणि खोली सहा फूट. प्राणी स्वतः आठ-दहा फुटांचा. समुद्रात तो दिवसाला कित्येक किलोमीटर पोहतो, कानांनी वाट शोधतो, आणि प्रत्येकाची शिट्टी वेगळी असते, जणू नावच. ‘चोवीस फुटांत, काका, चाळीस वर्षं,’ एवढंच मी म्हटलं. त्यांनी तिकीट रद्द केलं.

घरात कुणी ‘तेवढ्यानं काय होतं?’ म्हटलं तर आपल्या देशाचं सांगा. १९९८ मध्ये चेन्नईजवळ बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले. १७ मे २०१३ च्या परिपत्रकानं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन ठेवून शो करण्याच्या जागेला, परवानगी नाकारली. कॅनडानं २०१९ मध्ये आणि मेक्सिकोनं २०२५ मध्ये अशा खेळांविरुद्ध कायदे केले. तिकिटं विकली जाईनाशी झाली की टाक्या रिकाम्या होतात, हे मी धंद्यातली बाई म्हणून सांगते.

बदली ठिकाण मात्र हातात ठेवाच, नाहीतर मुलं रुसतात. दुबईत रास अल खोरला हिवाळ्यात फ्लेमिंगोंचे थवे येतात. सिंगापूरला सुंगई बुलोहच्या खारफुटीत पाणमांजरं दिसतात. दोन्ही ठिकाणी प्रवेश फुकट, म्हणून एजंट ती सुचवत नाहीत. गोव्यात किंवा दापोलीला डॉल्फिन पाहायला बोटीनं जाणार असाल तर पैसे देण्याआधी ठरवून घ्या: पाठलाग करायचा नाही, कळपाच्या पुढून आडवं जायचं नाही, जवळ आले तर बोट हळू करायची. नावाडी ऐकतात, आधी सांगितलं तर.

आणि आपण ग्वाल्हेरकर तर नशीबवान. डॉल्फिन आपल्या दाराशी आहे. २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर झालेला गंगेचा डॉल्फिन, आपल्याकडचे लोक ज्याला सूंस म्हणतात, तो चंबळच्या खालच्या अंगाला राहतो. पहाटे निघून भिंडमार्गे अटेरला जा. वनखात्याची परवानगी असलेली बोट मिळाली तर बरंच, नाहीतर खोल डोहाजवळ काठावर बसा. दुर्बीण, टोपी आणि पाणी घ्या. स्पीकर घरी ठेवा. तो डोक्यावर चेंडू झेलणार नाही. त्याला जवळजवळ दिसतही नाही, गढूळ पाण्यात तो आवाजावर चालतो. क्षणभर लांब चोच आणि करडी पाठ वर येते, की लगेच पाणी मिटतं. फोटो काढायला जाल तर चुकेल.

दोन वर्षांपूर्वी भाचीला नेलं होतं. दोन तास काहीच दिसलं नाही, तिनं डब्यातल्या सगळ्या दशम्या संपवल्या. मग डोहात मोठ्यानं ‘सूं’ झालं. ‘आत्या, त्यानं श्वास घेतला!’ ती ओरडली आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून बसली. पुढचा श्वास येईपर्यंत दोघींनी हूं की चूं केलं नाही.