उपग्रह कुणाचा, चित्र कुणाकडे?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मला आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तलावाची जुनी उपग्रह चित्रं हवी होती. एका कार्यालयात अर्ज दिला, दीड महिना चकरा मारल्या आणि मग कळलं की ते काम त्यांच्याकडे नाहीच. गावाकडून या अभ्यासाला येणाऱ्या पोरापोरींचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितेय.

एक उपग्रह म्हणजे एक खातं, असं मी धरून चालले होते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचंच बघा. तो बांधून सोडते नासा, पण कक्षेतल्या तपासण्या आटोपल्या की त्याला चालवायचं आणि चित्रं सांभाळायचं काम तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं. 2008 पासून तो सगळा साठा मोफत आहे. माझा तलाव शेवटी तिथंच सापडला, खोलीत बसल्या बसल्या.

आपल्याकडेही अशीच वाटणी आहे. उपग्रह इस्रोचे, चित्रं उतरवून घेऊन पुरवायचं काम इस्रोच्याच हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन (म्हणजे दुरून, उपग्रहावरून जमीन पाहण्याच्या) केंद्राकडे, त्यांचे अँटेना शादनगरला. 17 फेब्रुवारी 2024 ला सोडलेला हवामानाचा उपग्रह इन्सॅट-3डीएस बांधला इस्रोनं, पण पूर्ण पैसा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा, आणि त्याची चित्रं रोज वापरतं हवामान खातं. पिकांचे अंदाज दिल्लीचं महालनोबिस केंद्र काढतं, ते कृषी मंत्रालयाचं. जंगल मोजतं डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण. आणि आपल्या सगळ्यात जवळचं, राज्य शासनाचं सुदूर संवेदन केंद्र, एमआरसॅक, नागपुरातच आहे. अर्ज करण्याआधी एवढंच विचारा: मला उपग्रहाची माहिती हवी, चित्र हवं, की चित्रावरून काढलेला नकाशा? तिन्हीची दारं वेगळी आहेत.

एकाच संस्थेवर विसंबूनही भागत नाही. सोयाबीन वाढीला लागतं तेव्हा जुलै-ऑगस्टात आभाळ भरलेलं, साध्या कॅमेऱ्याला खाली नुसते ढग दिसतात. तेव्हा ढगांतून आरपार पाहणारं रडार लागतं: युरोपचा सेंटिनेल-1, इस्रोचा ईओएस-04. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावर तर दोन रडार आहेत, एक नासाचं, एक इस्रोचं.

पण खरं शिकायला मिळालं ते वावरात. इस्रोच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या लिस-3 कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर साधारण 23.5 मीटर लांब-रुंद तुकडा. डिसेंबरात एका शेताचे ठिपके हिरवेगार दिसत होते आणि मी तिथं चांगली उभी पऱ्हाटी (कापूस) लिहून मोकळी झाले होते. पडताळणीला गेले. धुऱ्यावरच्या आजोबांनी मोबाइलवरचा नकाशा पाहिला आणि म्हणाले, "बाई, पऱ्हाटी तर वाळली. हिरवे हायेत ते तुरीचे तास." पऱ्हाटीच्या मधेमधे तासांत, म्हणजे ओळींत, पेरलेली तूर त्याच ठिपक्यांत मिसळली होती. त्या दिवशी दोनशेच्या वर ठिपके मी पुन्हा तपासायला काढले.

हे काम कुठल्याही अवकाश संस्थेच्या इमारतीत बसून होत नाही. त्याला तास ओळखणारं माणूस लागतं, आणि ते तुम्ही आहात. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात, नकाशे करायच्या क्यूजीआयएस सॉफ्टवेअरलाही पैसे लागत नाहीत. सुरुवात आपल्याच वावरापासून करा: ऑक्टोबरचं आणि जानेवारीचं चित्र शेजारी ठेवा, आणि घरच्यांना विचारा की त्या साली कुठल्या तुकड्यात काय पेरलं होतं.