उन्हाळ्यात गाडीतली कॅसेट जपा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. अशा उन्हात डॅशबोर्डवर राहिलेली कॅसेट वाकडी होते, मग टेपमध्ये अडकून बसते. गाडी लावली की ती सोबत घेऊनच उतरा. फीत सैल दिसली तर षटकोनी पेन्सिल चाकात घालून ताणून घ्या. आवाज दबका येतोय? हेडवर, म्हणजे टेपमधल्या फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी भुकटी साचली असेल. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसा, वाळू द्या. १२० मिनिटांची कॅसेट गाडीत नकोच, तिची फीत फार पातळ. माझी एक अमळनेरच्या रस्त्यावर शेवयांसारखी बाहेर आली होती! रेडिओचं मात्र सोपं: जळगाव आकाशवाणी लागली की नंबराचं बटण दाबून धरा, स्टेशन साठवलं जातं.