दहावी-बारावीचे वर्ष घरी आखताना या चुका टाळा

शाळांचे निकाल लागले की ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ या भागांतील काही पालक सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. मुलाला शाळेतून काढून घरी शिकवण्याचा निर्णय झालेला असतो, पुस्तके आणलेली असतात आणि बहुतेकांच्या हातात रंगीत पेनांनी आखलेले, सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सहापर्यंतचे वेळापत्रक असते. परीक्षा कोणत्या महिन्यात द्यायची, अर्जाची मुदत कधी संपते आणि प्रॅक्टिकल कोठे होणार, हे मी विचारतो तेव्हा मात्र "ते पुढे बघू" असे उत्तर मिळते. माझ्या पाहण्यातील बहुतेक वर्षे येथेच बिघडली आहेत. घरच्या शिक्षणात कागदपत्रांच्या तारखा काटेकोर पाळाव्या लागतात आणि अभ्यासाचा दिवस थोडा सैल ठेवावा लागतो. नवखे पालक नेमके याच्या उलट वागतात.

सातवी-आठवीपर्यंत एखादे सत्र वाया गेले तरी भरून काढता येते. नववीपासून पुढे मात्र मंडळ, वयाची अट, विषयांची निवड आणि परीक्षेचा हंगाम या चारही गोष्टी परस्परांत गुंतलेल्या असतात, त्यामुळे एक हलली की बाकीच्या हलतात.

अभ्यास जूनमध्ये, तारखांची चौकशी डिसेंबरात

ज्या पालकांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग निवडला आहे, त्यांनी सर्वप्रथम परीक्षेच्या दोन हंगामांकडे पाहावे. सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते, आणि पहिली परीक्षा कोणत्या हंगामात देता येईल हे प्रवेश कधी घेतला यावर ठरते. उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या प्रवेशफेरीतील विद्यार्थ्याला पुढील एप्रिलची परीक्षा मिळते, तर सप्टेंबरनंतरच्या फेरीतील विद्यार्थ्याला त्यापुढील ऑक्टोबरची. दहावीसाठी वयाची 14 वर्षे पूर्ण असावी लागतात. हंगामांचे हे गणित ठाऊक नसल्यामुळे "अभ्यास नीट बसू दे, मग नोंदणी करू" असे म्हणत नोव्हेंबरपर्यंत थांबलेले पालक मी पाहिले आहेत. मुलाची तयारी एप्रिलसाठी झालेली असते आणि परीक्षा ऑक्टोबरची मिळते.

याहून अधिक वेळा दिसणारी चूक म्हणजे प्रवेश घेतला की परीक्षेचा अर्जही आपोआप झाला असे समजणे. परीक्षेचे शुल्क वेगळे असते, त्याची मुदत वेगळी असते, आणि त्यात विषय व प्रॅक्टिकल स्वतः निवडावे लागते. माझी सवय अशी आहे की प्रवेशाच्या दिवशीच प्रवेश, टीएमए (घरी सोडवून पाठवायचे लेखी स्वाध्याय), परीक्षा शुल्क, प्रॅक्टिकल आणि हॉल तिकीट या पाच टप्प्यांचा एक कागद करून तो कपाटाच्या दारावर आतून चिकटवायचा, आणि संस्थेच्या संकेतस्थळावर जसजशा तारखा जाहीर होतील तसतशा त्या शाईने लिहायच्या. मोबाइलमधील स्मरणसूचना बाजूला सारली जाते. कपाट मात्र रोज उघडावे लागते.

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसवायचे असेल तर सतरा नंबरचा अर्ज भरावा लागतो, आणि तेथे तर तारखांना फारच कमी लवचिकता आहे, कारण मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदाच होते. आपल्या भागासाठी मुंबई विभागीय मंडळाचे कार्यालय वाशीलाच आहे. ऐकीव माहितीवर विसंबण्यापेक्षा ट्रान्स-हार्बर लोकलने एकदा तेथे जाऊन चौकशी करणे केव्हाही चांगले.

टीएमएला किरकोळ गृहपाठ समजणे

टीएमए म्हणजे संस्थेने दिलेले लेखी प्रश्न सोडवून मूल्यमापनासाठी पाठवणे, आणि अंतिम निकालात त्याला 20 टक्के भार असतो. आता बहुतेक विषयांचा अभ्यासक्रमही विभागलेला आहे. सुमारे 40 टक्के धडे टीएमएसाठी आणि 60 टक्के सार्वजनिक परीक्षेसाठी असतात. ही विभागणी न पाहता सगळे पुस्तक एका दमात शिकवणारे पालक मुलाचा वेळ घालवतात, आणि टीएमएचे धडे गाळून टाकणारे आयते गुण घालवतात. झेरॉक्सच्या दुकानात तयार टीएमए विकत मिळतात, ते आणू नयेत. मुलाला पानभर सलग उत्तर लिहिण्याची ही घरबसल्या मिळणारी एकमेव सक्तीची संधी आहे, आणि ती पैसे देऊन टाळणारे पालक मार्चमध्ये "मुलाला लिहिताच येत नाही" अशी तक्रार करतात.

प्रॅक्टिकल "होऊन जाईल" असे धरणे

या चुकीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तिची किंमत मुलांना मोजावी लागते आणि ती टाळणे सर्वांत सोपे असते.

ऐरोलीतील एका हुशार मुलीने एनआयओएसमधून बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतले होते. तिला सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घ्यायची होती. घरच्यांनी अभ्यास मनापासून करून घेतला, सराव प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या. प्रॅक्टिकलबद्दल मात्र "तो उपचार असतो, केंद्रावर एक दिवस जाऊन यायचे" असे त्यांना कोणीतरी सांगितले होते आणि तेवढ्यावर ते निश्चिंत होते. त्यांना मिळालेल्या अभ्यासकेंद्रात प्रयोगशाळा कशी आहे, सरावाचे तास होतात की नाही, हे पाहायला कोणीही गेले नाही. लेखी परीक्षेत तिला रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळाले आणि प्रॅक्टिकलमध्ये ती अनुत्तीर्ण झाली. लेखी आणि प्रॅक्टिकल या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, त्यामुळे विषयच राहिला. तिला पुन्हा केवळ प्रॅक्टिकल द्यायचे होते, परंतु ऑक्टोबरची परीक्षा होऊन निकाल लागेपर्यंत त्या वर्षीचे पदवीचे प्रवेश केव्हाच संपलेले होते.

त्यानंतर ओळखीच्या एका शिक्षकांनी रीतसर परवानगी काढून रविवारी प्रयोगशाळा उघडून दिली आणि मी तिच्यासोबत गेलो. प्रयोग होता पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या अनुमापनाचा, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून रंग बदलेपर्यंत किती लागले ते मोजण्याचा. तिने ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली मोजपट्टीची काचनळी, परमँगनेटने विसळून न घेताच भरली. खालच्या तोटीत हवेचा बुडबुडा अडकला होता, तो तिला दिसला नाही. शंकुपात्रात आम्लाचे द्रावण आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल घेतले, पण ते तापवले नाही. थंड द्रावणात ही अभिक्रिया सुरुवातीला संथ चालते, त्यामुळे पहिल्या काही थेंबांचा गुलाबी रंग तसाच राहिला. रंग टिकला म्हणजे अंत्यबिंदू आला असे समजून तिने अर्ध्या मिलिलिटरच्याही आतले वाचन लिहून टाकले. शिक्षकांनी द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायला लावले, तेव्हा तेच थेंब पडताक्षणी विरू लागले आणि तिचा चेहरा बदलला. नंतर वाचन घेताना ती द्रवाच्या वक्राची खालची कड शोधत राहिली; परमँगनेट इतके गडद असते की ती कड दिसतच नाही, तेथे वरची कड वाचायची असते. द्रावण तापवण्याचे कारण तिला तोंडपाठ होते. मँगनीज आयन तयार झाल्यावर अभिक्रियेला वेग येतो, हे तिने समीकरणासह लिहून दाखवले असते. ते सारे तिने व्हिडिओ पाहून शिकलेले होते आणि काचेला तिचा हात कधी लागलाच नव्हता.

त्यानंतर तिने ओळीने आठ रविवार काम केले आणि ऑक्टोबरमध्ये ती सहज उत्तीर्ण झाली. जे काम आठ रविवारांचे होते, ते न केल्यामुळे एक वर्ष गेले.

म्हणून माझा आग्रह असा आहे की विज्ञानाचे विषय घेणाऱ्यांनी अभ्यासकेंद्राची निवड करण्याआधी तेथील प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहावी. पाण्याचे नळ चालू आहेत का, ब्युरेट किती आहेत, सरावाचे तास कोणत्या महिन्यात लागतात, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बरेच समजते. केंद्र टाळाटाळ करत असेल तर दुसरे पाहावे. पावसाळा संपण्यापूर्वी जर्नलमध्ये निदान पाच प्रयोग स्वतःच्या हाताने केलेले असावेत. प्रॅक्टिकलची परीक्षा लेखी परीक्षेच्या आधी होते, त्यामुळे "आधी लेखी उरकू, मग बघू" हे गणितच चुकीचे आहे. केंब्रिजच्या आयजीसीएसईला, म्हणजे दहावीच्या पातळीवरील आंतरराष्ट्रीय परीक्षेला, बसणाऱ्यांना विज्ञानात प्रत्यक्ष प्रयोगाऐवजी पर्यायी लेखी पेपर घेता येतो हे खरे, परंतु पुढे ए लेव्हलला, म्हणजे त्यांच्या बारावीला, प्रयोगशाळा चुकत नाही.

शाळेचे वेळापत्रक घरात उभारणे

आठ तासिका, मधली सुट्टी, शनिवारी चाचणी, असे शाळेचे चित्र घरात जसेच्या तसे उभारण्याचा मोह फार मोठा असतो. ते वेळापत्रक गणपतीपर्यंत टिकत नाही. चाळीस मुलांच्या वर्गासाठी बनवलेली व्यवस्था एका मुलाला लागू केली की तासाचे काम वीस मिनिटांत संपते किंवा दोन तास पुरत नाहीत, आणि दोन्ही वेळा वेळापत्रक मोडते. मग आई किंवा वडील रविवारभर राहिलेले चौकोन पुढे सरकवत बसतात आणि मुलाला वाटते की आपण मागे पडलो. प्रत्यक्षात तो मागे पडलेला नसतो. तक्ताच चुकीचा असतो.

मी तासांऐवजी आठवडे मोजतो. जूनच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत सुमारे 41 आठवडे होतात. त्यातून उजळणी आणि सराव प्रश्नपत्रिकांचे आठ आधीच बाजूला काढावेत. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी दोन, दिवाळीचे दोन, आणि आजारपण, पाऊस, घरातील लग्नकार्ये यांसाठी तीन वजा करावेत. उरले 26. पुस्तकातील धड्यांना या 26 ने भागले की आठवड्याला किती धडे घ्यायचे ते समजते, आणि तो आकडा अशक्य वाटत असेल तर ते जूनमध्येच समजते, फेब्रुवारीत नव्हे. तपशीलवार आखणी मी फक्त पुढच्या सहा आठवड्यांची करतो. ज्यांना पहिल्याच आठवड्यात पूर्ण वर्षाचा दिवसवार तक्ता हवा असतो, त्यांना मी तो करून देत नाही.

पाचही विषय एकदमच देण्याचा हट्ट

एनआयओएसचा प्रवेश पाच वर्षे वैध असतो, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. इतकी मोठी सवलत हातात असताना पालक पाचही विषय एकाच हंगामात कोंबतात, कारण शेजारच्या मुलाची दहावी एका फटक्यात झालेली असते. दोन विषय एका हंगामात आणि तीन पुढच्या हंगामात दिले तर कोणाचे काहीही बिघडत नाही. डिसेंबरात अभ्यास मागे पडल्याचे लक्षात आले, तर झोप कमी करून भरपाई करू नये. परीक्षा शुल्क भरण्यापूर्वीच एखादा विषय पुढच्या हंगामासाठी ठेवावा. मात्र शेवटचा विषय कोणत्या हंगामात संपतो याचा अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाशी मेळ घालावा. ऑक्टोबरच्या हंगामात दहावी पूर्ण झाली तर पुढच्या उन्हाळ्यात प्रवेश सुरू होताना गुणपत्रिका आणि स्थलांतर (मायग्रेशन) प्रमाणपत्र हातात असते. एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत मात्र अकरावीची प्रक्रिया पुढे गेलेली असू शकते.

विषय निवडताना "सोपे काय आहे" हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. गणित टाळून दहावी झालेल्या मुलाला दोन वर्षांनी अभियांत्रिकी सुचली की घरात जो ताण निर्माण होतो, तो मी पुष्कळ घरांत पाहिला आहे.

थोडक्यात आणखी काही

तीन-तीन क्लास लावून त्याला घरचे शिक्षण म्हणू नये. ती शाळाच असते, फक्त प्रवास वाढतो.

सहल म्हणजे अभ्यास नव्हे. ऐरोलीच्या खाडीकेंद्रावर फ्लेमिंगो पाहायला जरूर जावे, परंतु परिसंस्थेचा धडा चालू असताना, भरती-ओहोटीची वेळ पाहून जावे, आणि तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे वहीत काढून आणावीत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात काही कार्यक्रम असेल तर तोही असाच धड्याशी जोडून घ्यावा.

घरी शिकणारी मुले बोलतात छान, टाइपही भराभर करतात, पण त्यांना तीन तास सलग हाताने लिहिण्याची सवय नसते. ऑक्टोबरपासून दर शनिवारी दुपारी दोन ते पाच, जवळच्या अभ्यासिकेत, मोबाइल घरी ठेवून, एक पूर्ण प्रश्नपत्रिका लिहून घ्यावी.

"घरबसल्या हमखास पास" असे सांगणाऱ्या मध्यस्थांना दारातूनच परत पाठवावे. अर्ज पालकांना स्वतः भरता येतो आणि तो त्यांनीच भरावा. नोंदणीचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल मध्यस्थाचे असले की पुढची प्रत्येक सूचना त्याच्याकडे जाते.

शाळेचा दाखला, जन्मदाखला आणि आधार या तिन्हींवरील नाव अक्षरशः सारखे आहे का, हे शाळा सोडतानाच तपासावे. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर, किंवा आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे, असे असेल तर आधी दुरुस्ती करून घ्यावी आणि मगच अर्ज भरावा. मंडळाच्या गुणपत्रिकेवर चुकीचे नाव एकदा छापले गेले की ते बदलून घेण्यासाठी प्रतिज्ञापत्रे आणि हेलपाटे सुरू होतात, आणि ते नेमके प्रवेशाच्याच दिवसांत येतात.