मांडवावरचा वेल फळाला आणताना

परसात किंवा गच्चीवर दोडका, पडवळ, कारले, काकडी, दुधी यांचे वेल लावणाऱ्यांची एक तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. वेल दाट वाढतो, फुलेही भरपूर येतात, पण फळ धरत नाही. बोटाएवढे होते, पिवळे पडते आणि गळून जाते. अशा वेळी बहुतेक जण आणखी खत घालतात. नत्र वाढले की पाला आणखी माजतो आणि फळे होती त्याहूनही कमी होतात. दोष बहुधा खताचा नसतो. मादी फुलापर्यंत वेळेवर पराग पोहोचलेला नसतो. प्रत्येक वेलाचे फूल कोणत्या वेळी उमलते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा प्रश्न घरच्या घरी सोडवता येतो.

लागवडीचा काळ ठरलेला आहे. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, म्हणजे साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, की बी टोकावे. काकडी 45 ते 50 दिवसांत आणि इतर वेल दोन महिन्यांच्या आसपास तोडणीला येतात, त्यामुळे भाद्रपदात मांडव भरलेला असतो. गोव्यात आणि तळकोकणात गणपतीच्या माटोळीला (मूर्तीच्या वर टांगलेल्या, फळाभाज्यांनी सजवलेल्या चौकटीला) लागणारी पडवळे व तवशी (काकड्या) आणि ऋषिपंचमीच्या भाजीतला दोडका परसातूनच यावा, अशी पूर्वापार जुळणी आहे ती याच हिशेबावर. उन्हाळी पीक घ्यायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत बी लावावे. त्या हंगामात पाणी रोज द्यावे लागते.

जागा अशी निवडावी की दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल. दीड फूट लांब, रुंद आणि खोल आळे खणून त्यातील मातीत एक तृतीयांश चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. पावसाळी लागवडीत आळे खोलगट ठेवू नये. मधली माती आजूबाजूपेक्षा चार बोटे उंच असावी, कारण साचलेल्या पाण्यात या वेलांची मुळे लवकर कुजतात. गच्चीवर प्रत्येक वेलाला किमान 40 लिटर माती मावेल असे भांडे हवे. रंगाच्या 20 लिटरच्या रिकाम्या बादलीत कारले किंवा काकडी तग धरते, दुधी मात्र धरत नाही.

बियाण्यासाठी कृषी विद्यापीठांचे सरळ (संकरित नसलेले) वाण निवडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांचे बी पुढच्या वर्षी घरचेच वापरता येते. दापोलीच्या विद्यापीठाचे कोंकण तारा हे कारले, कोंकण हरिता हा दोडका आणि कोंकण श्वेता हे पडवळ, तसेच राहुरीच्या विद्यापीठाचे फुले ग्रीन गोल्ड हे कारले, हिमांगी ही काकडी आणि सम्राट हा दुधी परसासाठी योग्य आहेत. कारले आणि पडवळ यांच्या बियांचे कवच टणक असते. त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, मग ओल्या फडक्यात बांधून मोड दिसेपर्यंत ठेवाव्यात. एका आळ्यात तीन-चार बिया इंचभर खोल लावाव्यात. रोपांना चार पाने आली की दोन जोमदार रोपे ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटल्यास शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात.

मांडव साडेपाच ते सहा फूट उंच असावा, म्हणजे त्याखाली उभे राहून फुले आणि फळे हाताळता येतात. बांबूचे खांब आणि वर तार किंवा काथ्याची जाळी एवढे पुरेसे होते. वेल सुतळीच्या आधाराने सरळ वर न्यावा आणि मांडवापर्यंत पोहोचेतो त्याच्या बगलफुटी व ताणे काढत राहावे. मांडवावर आल्यावर मुख्य शेंडा खुडावा. दुधीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्याची मादी फुले मुख्य वेलापेक्षा बगलेच्या फांद्यांवर जास्त येतात.

पहिले आठ-पंधरा दिवस बहुतेक नर फुलेच येतात. ती गळाली तर काळजी करू नये. मादी फूल ओळखणे सोपे असते. तिच्या पाकळ्यांखाली त्या भाजीचे इवलेसे रूप आधीच तयार असते, तर नर फूल नुसत्या देठावर असते. काकडी, कारले, तांबडा भोपळा आणि घोसाळे यांची फुले पहाटे किंवा सकाळी उमलतात आणि त्यांचे काम मधमाश्या करतात. दोडक्याचे पिवळे फूल मात्र उन्हे कलल्यावर, साधारण पाचनंतर उमलते. दुधी आणि पडवळ यांची पांढरी फुलेही संध्याकाळी उघडतात आणि रात्रीच्या पतंगांवर अवलंबून असतात. दोडका आणि घोसाळे इतके जवळचे नातलग असून एकाची वेळ संध्याकाळची आणि दुसऱ्याची सकाळची असावी, याचे मला आजही नवल वाटते. सकाळी चहा घेऊन बागेत जाणाऱ्याला दोडक्याची फुले मिटलेलीच दिसतात आणि त्या वेळी केलेला परागीभवनाचा खटाटोप वाया जातो.

हाताने परागीभवन करण्यासाठी नुकतेच उमललेले नर फूल देठासह तोडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला पिवळा भाग बोटाला लावून पाहावा. बोटाला पिवळी पूड लागली तर पराग तयार आहे. मग तो भाग मादी फुलाच्या मध्यावर सगळीकडून अलगद टेकवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. पावसाने पराग निकामी होतो, म्हणून झड लागली असेल तेव्हा उमलण्याच्या बेतात असलेल्या नर कळ्या तोडून घरात पाण्याच्या वाटीत ठेवाव्यात आणि त्या कोरड्या उमलल्यावर उघडीप पाहून वापराव्यात. फळ धरले असेल तर तीन-चार दिवसांत ते स्पष्ट फुगलेले दिसते.

फळ धरल्यानंतरची मोठी शत्रू म्हणजे फळमाशी. ती कोवळ्या सालीखाली अंडी घालते, फळ वाकडे होते आणि आतून अळ्यांनी सडते. आमच्या परसात एका वर्षी सापळा टांगूनही निम्मी कारली गेली. दुकानातून मिळालेले आमिष आंब्यावरच्या फळमाशीचे, म्हणजे मिथाइल युजेनॉलचे होते, आणि वेलांवरची माशी त्याकडे फिरकत नाही. तिच्यासाठी क्यू ल्यूर हेच आमिष मागून घ्यावे. हा सापळाही केवळ नर माश्या पकडतो, म्हणून फळ बोटभर झाले की त्यावर कागदाची किंवा जुन्या मलमलीची पिशवी बांधावी. घरगुती बागेत याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. किडलेली फळे कंपोस्टमध्ये टाकू नयेत; ती दोन फूट खोल पुरावीत.

रोपे लहान असताना येणारे नारिंगी-तांबडे भुंगे सकाळी सुस्त असतात, तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. केवडा (पानांवर पिवळे डाग पाडणारा बुरशीरोग) आणि भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीरोग) दिसताच रोगट पाने काढावीत आणि मांडवावरचा दाटलेला पाला विरळ करावा. भुरीसाठी गंधक वापरण्याचा सल्ला सर्रास मिळतो, परंतु या वर्गातील वेलांची पाने गंधकाने करपतात, म्हणून ते टाळलेले बरे.

तोडणी लवकर करावी. दोडका आणि दुधी यांच्या सालीत नख सहज रुतले पाहिजे. पडवळ वळू लागले तर त्याच्या टोकाला लहानसा दगड सुतळीने बांधावा. दुधीबाबत एक गोष्ट कधीही विसरू नये. चिरल्यावर लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि तो कडू लागला तर थुंकून सगळा दुधी फेकून द्यावा. तो कडवटपणा विषारी असतो, शिजवूनही जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन जीव गेल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत.

बियाण्यासाठी वेल जोमात असतानाची, दुसऱ्या-तिसऱ्या तोडणीच्या वेळची फळे राखावीत. दोडका आणि घोसाळे शेजारी असतील तर त्यांचा संकर होऊ शकतो, म्हणून निवडलेली नर व मादी कळी उमलण्याआधीच दोऱ्याने हलकी बांधावी, उमलण्याच्या वेळी सोडून हाताने परागीभवन करावे आणि मादी फूल पुन्हा बांधून देठाला रंगीत दोरा लावावा, म्हणजे घरातले कोणी ते फळ भाजीसाठी तोडणार नाही. दोडका वेलावरच वाळू द्यावा. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तो उतरवावा, बिया सावलीत सुकवून चुलीच्या राखेत घोळवाव्यात आणि वाणाचे नाव व वर्ष लिहिलेल्या कोरड्या बाटलीत भरून ठेवाव्यात.