संग्रहातले जुने टाइपरायटर विकताना

सगळी यंत्रं एकदम विकायला काढली की चांगल्या यंत्राचाही भाव पडतो आणि बाकीची वजनावर जातात. म्हणून आधी तीन गट करा: चालू, थोडक्यात दुरुस्त होणारी आणि फक्त सुट्या भागांसाठीची. देवनागरी कळफलकाचं यंत्र मात्र कसंही असलं तरी भंगारवाल्याला देऊ नका. ते अक्षरांचे ठसे आता नव्याने मिळणं कठीण आहे.

मग तपासणी. नवी रिबन घाला. बहुतेक यंत्रांना अर्धा इंच रुंदीची चालते, पण ती जुन्याच चकत्यांवर गुंडाळा, कारण चकतीचं माप कंपनीगणिक बदलतं. प्रत्येक कळ साधी आणि शिफ्टसह दाबून एक कागद टाइप करा. देवनागरी यंत्रात मात्रा-अनुस्वाराच्या काही कळा कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, पुढे सरकवत नाहीत. तो बिघाड नव्हे, आणि हे जाहिरातीत लिहा, नाहीतर नवखा ग्राहक यंत्र परत करेल. कॅरेज अजिबातच सरकत नसेल तर बहुधा तिला स्प्रिंगच्या डबीशी जोडणारी दोरी किंवा पट्टी तुटलेली असते. हे काम मेकॅनिककडून विकण्यापूर्वीच करून घ्या.

मुंबईच्या दमट हवेत अक्षरांचे ठसे असलेल्या दांड्या अडकतात. अशा वेळी तेल ओतू नका. जुनं तेल धुळीत घट्ट झाल्यामुळेच त्या अडकलेल्या असतात. दांड्या जिथे बसतात त्या खाचांत ब्रशने थोडं मिनरल टर्पेंटाइन लावा, कळा चालवा, पुसा. खिडक्या उघड्या, जवळ गॅस पेटलेला नको. बाहेरच्या रंगाला फक्त ओलसर फडकं. स्पिरिटने सोनेरी अक्षरं निघून जातात.

कागद ज्यावर गुंडाळला जातो त्या रोलरवर नख दाबा. रबर जराही दबलं नाही तर ते कडक झालंय आणि अक्षरं कागदाला भोकं पाडतील. हा दोष लपवू नका. मागे दुसरा कागद लावला की बरंच काम भागतं, तेही सांगा.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा: समोरून, मागून, कळा, ठसे, अनुक्रमांक आणि टाइप केलेला तो कागद. ग्राहकाला सर्वांत जास्त खात्री या कागदामुळे पटते. भाव ठरवताना मागितलेल्या किमती नव्हे, विकल्या गेलेल्या पाहा. १९५५ पासून मुंबईच्या गोदरेजने बनवलेली ऑफिसची यंत्रं इथे पुष्कळ आहेत, त्यामुळे ती विकायला धीर धरावा लागतो; पेटीत मावणारं ऑलिव्हेटी कंपनीचं लेटेरा हलकं असल्याने लवकर जातं. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर व्यापारी रोख देतात, पण पुढे विकायचं म्हणून भाव कमी देतात. कळा कापून दागिने करणाऱ्याला चालू यंत्र देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऑफिसचं यंत्र साधारण १२ ते १५ किलोचं असतं. शक्यतो ग्राहकालाच घरी बोलवा. कुरिअरने पाठवायचंच तर दोन्ही मार्जिनचे खटके मध्यभागी आणून कॅरेज अडवा, वर दोरीने बांधा, यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि सगळीकडून किमान दोन इंच गादी देऊन खोक्यात खोकं ठेवा. कॅरेज सुटी राहिली तर वाटेत आपटून आतली यंत्रणा वाकते. पावसाळ्यात पाठवणं टाळा. शंभर वर्षांहून जुनं यंत्र परदेशी ग्राहकाला देण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत.